मुंबईतला पत्ता

फाईल काढायच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "मुंबईतला पत्ता?" मी गावाचं नाव सांगितलं, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला. त्या म्हणाल्या, "तो लिहिला मी. इथे कुठे उतरलात ते सांगा." मागे बाकावर माझे वडील, आबा, गालाला उपरणं लावून बसले होते. पायाशी दोन पिशव्या आणि एक वळकटी. सकाळीच अमरावती एक्स्प्रेसनं दादरला उतरून आम्ही तडक परळला, कर्करोगाच्या टाटा हॉस्पिटलला आलो होतो. उतरलो असे कुठेच नव्हतो. बाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि तो रकाना रिकामा ठेवून पुढचं विचारलं.

ही २०१८ च्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा चोवीस वर्षांची. धाकटा भाऊ पेरणीत अडकलेला, आई दम्याची, म्हणून आबांबरोबर मी आले. आबांना खर्र्याची, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीची, सवय तीस वर्षांची. डाव्या गालात आतून चट्टा आला, तोंड उघडेना, भाकरी चावता येईना. अकोल्याच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला आणि अहवाल हातात देऊन एवढंच म्हणाले, की आता इथे दिवस घालवू नका.

आमचं घर चार खणांचं, मागे गोठा, कोरडवाहू पाच एकर. श्रीमंती नव्हती, पण बेघर हा शब्द आपल्यालाही कधी लागू होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. बेघर म्हणजे स्टेशनावर, देवळाच्या पायरीवर निजलेली माणसं. मुंबईत पाचव्या रात्री आम्ही त्यांच्यातलेच झालो.

मोठा आजार हे एका दिवसाचं काम नसतं, हे गावात कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी फाईल आणि पैसे भरायचं कार्ड. मग तपासणी, मग स्कॅनची तारीख, गावाकडून आणलेल्या तुकड्याची पुन्हा तपासणी, दातांचे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर आणि त्यानंतर ऑपरेशनची तारीख. अख्ख्या देशातून माणसं येतात, तेव्हा रांग मोठी असणारच. उपचारांबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही. आमचं रेशनकार्ड पांढरं, पण शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसता येत होतं आणि अकोला त्या चौदांत आहे. ऑपरेशनच्या खर्चाची मोठी काळजी तिथेच मिटली. पण दोन तारखांच्या मधे राहायचं कुठे? परत जायचं तर प्रवास रात्रभराचा, आबांच्या अंगात ताकद नाही आणि चार दिवसांनी पुन्हा यायचंच.

पहिले तीन दिवस कल्याणला लांबच्या नात्यातल्या एका घरी काढले. त्यांची एकच खोली, माणसं पाच. त्यांनी प्रेमानं ठेवून घेतलं, त्यांच्याबद्दल वाईट बोलवणार नाही. पण आबांच्या गालातली जखम वाहत होती आणि तिला वास होता. कर्करोग घरात आला असेल त्यालाच तो वास माहीत असतो. तिसऱ्या रात्री त्यांचा लहानगा जेवता जेवता नाक दाबून उठला. कोणी काही बोललं नाही. सकाळी मी उठले तेव्हा आबांनी वळकटी बांधून ठेवली होती.

चौथी रात्र एका लॉजवर गेली. सातशे रुपये. सकाळी तिथल्या माणसानं माझ्याकडे न बघताच सांगितलं, की बाकीचे गिऱ्हाईक तक्रार करतात, दुसरीकडे बघा. त्यानंतर फूटपाथ.

परळच्या त्या रस्त्यांवर भिंतीच्या कडेला माणसं ओळीनं राहत होती. डोक्यावर निळं प्लास्टिक, त्याची एक दोरी भिंतीवरच्या खिळ्याला, दुसरी झाडाला. प्रत्येकाच्या उशाशी एक्स-रेची मोठी पिशवी आणि फाईल, कारण कपडे चोरीला गेले तर चालतील, फाईल जाऊन चालत नाही. कोणी बंगालचं, कोणी बिहारचं, कोणी आझमगडचं. आम्ही वऱ्हाडातले. सोलापूरच्या एका मावशींनी त्यांच्या प्लास्टिकखाली आम्हाला जागा दिली. त्यांच्या यजमानांना अन्ननलिकेचा आजार. आम्ही अकरा रात्री तिथे काढल्या. मधेच पाऊस लागला. परळ-दादरच्या मधे हिंदमाताला पाणी भरलं की आमच्या बाजूच्या गटारीही वर येत. मी फाईल पोटाशी धरून बसून राहायची आणि आबा भिंतीला टेकून डोळे मिटायचे. झोपले आहेत असं दाखवायचे, एवढंच.

खाण्याचे हाल झाले नाहीत, हे सांगायलाच हवं. रमजानचा महिना होता. संध्याकाळी काही मुलं येऊन खजूर, केळी, फळांचे डबे वाटून जात, कोणाचं नाव-गाव न विचारता. कधी एखाद्या गुरुद्वारातून डाळ-रोटी येई, कधी कुठल्या मंडळाची खिचडी. खाणं येत होतं, पण आबांना ते उतरत नव्हतं, आणि कारण फक्त गाल नव्हता. पहिल्यांदा खिचडीची गाडी आली तेव्हा सगळ्यांबरोबर मीही उठून रांगेत गेले, द्रोण घेऊन आले. आबांनी तोंड फिरवलं. जबडा जेमतेम एक बोट उघडायचा, त्यातून शब्द आले, "आपन कोनाच्या दारी असं जेवाले बसलो नाई, बाई." आमच्याकडे पेरणीला, कापणीला मजूर असले की आधी त्यांचं ताट, मग आबांचं. देणारा हात त्यांना ठाऊक होता. पुढे केलेला हात कसा असतो ते त्यांना साठाव्या वर्षी शिकायचं होतं, आणि तेही आजारात. मी खिचडीत पाणी घालून ती पातळ केली आणि चमच्यानं भरवली. त्यांनी डोळे मिटून गिळली.

सोलापूरच्या मावशींनीच एकदा विचारलं, "समाजसेवा विभागात गेलीस का गं?" असा काही विभाग असतो हेच मला माहीत नव्हतं. जे कोणी हे वाचून पेशंट घेऊन मुंबईला निघणार असतील त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, की पहिल्याच दिवशी तिथे जा. दहा दिवस माझे तिथे न गेल्यामुळे वाया गेले. तिथल्या ताईंनी समोर बसवून सगळं विचारलं, घर, शेती, कर्ज, सोबत कोण. रेल्वेच्या सवलतीचं सांगितलं. कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपरचं भाडं माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सूट मिळते. आम्ही येताना पूर्ण तिकीट काढून आलो होतो. मग त्यांनी धर्मशाळांची यादी काढली आणि एक चिठ्ठी लिहून दिली. दादर पूर्व, श्री गाडगे महाराज धर्मशाळा.

नाव वाचून मी थबकले. गाडगेबाबा आमचेच. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बाप लवकर गेला, म्हणून आई त्यांना घेऊन माहेरी आली, दापुऱ्याला. ते आमच्याच मूर्तिजापूर तालुक्यात. लहानपणी आमच्यासाठी गाडगेबाबा म्हणजे खराटा. गावाचं ग्रामस्वच्छता अभियान, तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा, शाळेत वीस डिसेंबरला पुण्यतिथी आणि त्या दिवशी मैदान झाडायचं. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. या माणसानं आयुष्यभर आणखी काय बांधलं, ते ना आम्ही विचारलं ना कोणी सांगितलं.

चिठ्ठी घेऊन गेले, पण जागा नव्हती. तिथल्या काकांनी नाव वहीत लिहिलं आणि उद्या या म्हणाले. मी रोज जायची. हिंदमाता ओलांडून चालत जायचं आणि तसंच परत यायचं. जागा नाही म्हणताना त्या काकांचा आवाज कधी चढला नाही. चौथ्या दिवशी म्हणाले, "घेऊन ये वडलांना."

दारातच बाबांची तसबीर आणि भिंतीवर त्यांची दशसूत्री. शाळेच्या भिंतीवरही ती होती, आम्ही पाठ म्हणायचो. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, गरीब मुलामुलींना शिक्षणासाठी मदत, आणि मग पाचवी ओळ, बेघरांना आसरा. शाळेत ती ओळ म्हणताना ती आपण दुसऱ्या कोणासाठी करायची गोष्ट वाटायची. ओल्या वळकटीसह त्या पाटीखाली उभी होते तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ती आमच्याबद्दल आहे.

काकांनी हॉस्पिटलची चिठ्ठी, फाईल आणि दोघांची आधार कार्डं बघितली. किती दिवसांचे उपचार, सोबत किती जण, एवढंच विचारलं. जात, धर्म, कुठल्या देवाला मानता, काही नाही. पैसे नाममात्र. तारीख वाढली की फाईलवरची पुढची तारीख दाखवायची, मुक्काम वाढतो. उपचार संपले की जागा सोडायची, कारण खाली कोणीतरी वाट बघत असतं. जाताना काका म्हणाले, "हॉस्पिटलात आता हाच पत्ता सांगायचा." दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर गेले आणि तो रकाना भरून घेतला.

पहिल्या रात्री आबा आडवे झाले ते दहा तास उठले नाहीत. अंगावर पाऊस नाही, पायाशी वाहनं नाहीत. शेजारी झारखंडचा एक माणूस, त्याच्याही मानेला जखम. त्या मजल्यावर वास सगळ्यांनाच होता, त्यामुळे नाक कोणीच दाबत नव्हतं. मला वाटतं, छपरापेक्षाही याच गोष्टीनं आबांचा जीव थाऱ्यावर आला. चेहऱ्यावरचं उपरणं त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा काढलं.

पण जेवणाचा प्रश्न होताच. तिथे जेवण दात्यांच्या पैशातून येतं. कधी कोणाच्या वाढदिवसाचं, कधी वर्षश्राद्धाचं. आबा पहिल्या दिवशी वरणाच्या पाण्यावर राहिले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जागेवर दिसेनात. मी घाबरून बाहेर आले. बघते तर पॅसेजच्या टोकाला ते वाकून झाडत होते. झाडणाऱ्या मावशी बाजूला उभ्या, त्यांना काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "आबा, तुम्ही पेशंट आहात." ते म्हणाले, "बाबा काय करत होता? आधी गाव झाडे, मंग भाकर मागे." एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. त्या दिवशी दुपारी ते स्वतः वाटी घेऊन जेवणाच्या जागी गेले.

आबांना बाबांच्या गोष्टी आजोबांकडून मिळालेल्या. आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. तोवर मी त्या कधी बसून ऐकल्या नव्हत्या. ऑपरेशनच्या आधीच्या त्या दिवसांत, बोलता येत होतं तोवर, आबांनी त्या मला तुटक तुटक सांगितल्या. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळत नसे, म्हणून बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळा उभी केली, आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. नाशिक, आळंदी, देहू, जिथे गोरगरीब जमतो तिथे धर्मशाळा. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या पेशंटांची नातेवाईक मंडळी उघड्यावर पडतात हे बघून त्यांच्यासाठीही. पैसा लोकांकडून गोळा केला, पण स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी त्यातल्या एका खोलीवर हक्क ठेवला नाही. कोणाला शिष्य केलं नाही. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ वलगावला वारले. दादरची ही धर्मशाळा त्यांच्या पश्चात त्यांच्याच वाटेनं चाललेली. देवाधर्माच्या नावानं माणसं काय काय करतात ते आपण रोज बघतो. पण एका परटाच्या घरात जन्मलेल्या, शाळेत न गेलेल्या माणसानं धर्म म्हणजे निजायला जागा असा अर्थ लावला आणि त्याच्यामागे इतक्या वर्षांनी माझ्या बापाला खाट मिळाली, हे मी देवाच्या पायाशी बसून सांगायला तयार आहे.

जुलैत ऑपरेशन झालं. चुलतभाऊ आठ दिवस येऊन राहिला. गाल आणि जबड्याचा भाग काढला, छातीवरची कातडी तिथे लावली. नाकातून नळी. बोलणं गेलं म्हणून मी दादरच्या बाजारातून पाटी आणली. आबा चौथी शिकलेले, अक्षर मोठं आणि तिरकं. पाटीवर पहिलं वाक्य आलं, "पेरणी झाली काय?"

नळीतून दर दोन तासांनी खाणं द्यायचं असतं. दूध, वरणाचं पाणी, सातूचं पीठ, उकडलेलं अंडं. मिक्सरमधून काढायचं, मग स्वच्छ कापडातून दोनदा गाळायचं, कारण एक कण जरी अडकला तरी नळी बंद. आमच्या मजल्यावर तीन-चार जणींचे पेशंट नळीचे होते आणि मिक्सर एकीचाच. वर्धमानची एक बाई, तिचा नवरा जिभेच्या आजाराचा. पहाटे पाचला तिचं, मग माझं, मग बाकीच्यांचं. मला बंगाली येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं, हिंदी दोघींचीही मोडकी. गाळायच्या कापडाला कुठलं कापड चांगलं, ते तिनं स्वतःच्या जुन्या साडीचा तुकडा फाडून दाखवलं. ती संध्याकाळी जिन्याच्या वळणावर नमाज पढायची. त्याच वेळी थोड्या अंतरावर लातूरचे एक आजोबा हरिपाठ म्हणत. दोघांच्या वेळा एकमेकांना इतक्या सरावल्या होत्या, की एक दिवस तिला उशीर झाला तर आजोबा चौकशी करायला आले.

ऑपरेशननंतर महिनाभरानं शेक सुरू झाला. आमच्याकडे शेक म्हणतात, उत्तरेकडचे सिंकाई, डॉक्टर रेडिएशन. चेहऱ्याचा प्लास्टिकचा साचा करतात, त्यात डोकं घट्ट बसवतात. आठवड्यातून पाच दिवस, आबांना तीस वेळा. एकेक शेक काही मिनिटांचा, पण तो रोज घ्यावा लागतो, एकही चुकवायचा नसतो. दादर ते परळ आम्ही रोज चालत जायचो. पंधराव्यानंतर चालवेना, मग बस. घशात, तोंडात आतून फोड आले, मान काळी पडली. मधेच एक दिवस पाटीवर लिहिलं, "पुरे. घरी जाऊ." फूटपाथवर असतो तर मी ऐकलं असतं, हे मी आज खरं सांगते. अंग पावसात भिजत असताना बापाला आणखी पंधरा दिवस सोस म्हणायची माझी हिंमत झाली नसती. उपचार अर्धवट सोडून गावी गेलेली माणसं मी त्या अकरा रात्रींत पाहिली होती. औषध होतं, डॉक्टर होते, योजनाही होती, फक्त आडवं व्हायला जागा नव्हती. इथे शेजारचा झारखंडचा माणूस उठला, त्यानं पाटी घेतली आणि आबांच्या शब्दांखाली पंधरा रेघा मारल्या. रोज परत आल्यावर तो एक रेघ पुसायचा.

सगळं गोड नव्हतं. न्हाणीघरासमोर भांडणं व्हायची. रात्री कोणाच्या तरी कण्हण्यानं झोप लागायची नाही. सोलापूरच्या मावशींनाही पुढे इथेच जागा मिळाली होती, पण त्यांचे यजमान ऑगस्टमध्ये गेले. सकाळी त्यांची जागा रिकामी, अंथरूण धुवायला काढलेलं. दुपारी तिथे नागालँडचं एक कुटुंब आलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आबांनी पाटीवर काही लिहिलं नाही, फक्त उठून त्या जागेच्या भोवतीची फरशी झाडून घेतली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिसावा शेक झाला. शेवटची रेघ पुसून झारखंडच्या माणसानं पाटीला नमस्कार केला. त्याचे स्वतःचे अजून अकरा राहिले होते.

निघायच्या दिवशी खाली काकांच्या टेबलाशी एक बाई बसली होती, मांडीवर सात-आठ वर्षांचा मुलगा, डोक्यावरचे केस गेलेला. पायाशी बोचकी, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. ते प्लास्टिक मी ओळखलं. मी वर जाऊन आमची बादली, कपडे वाळत घालायची दोरी आणि गाळायची दोन कापडं तिच्यासाठी आणली. माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की अंघोळीला लवकर उठायचं, मिक्सर वर्धमानच्या दीदीकडे आहे आणि हॉस्पिटलात गेल्यावर आधी पत्त्याचा रकाना भरून घ्यायचा. ती सगळ्याला मान हलवत होती. तिचं लक्ष वर जाणाऱ्या जिन्याकडे होतं.

त्यानंतर आबा दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात आणि मी बरोबर असते. आम्ही सकाळच्या गाडीनं उतरतो आणि रात्रीच्या गाडीनं परततो. एका दिवसाच्या कामासाठी कोणाची जागा अडवायची नाही, असं आबांनी पाटीवर लिहून ठरवलंय. स्टेशनावरून आधी धर्मशाळेत जातो. आबा पाच-सहा किलो तुरीची डाळ काकांच्या टेबलाशेजारी ठेवतात, चपला काढून ओळखीच्या कोपऱ्यातला झाडू घेतात आणि आमचा जुना पॅसेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडून काढतात. मग आम्ही परळला जातो.